खिडकीजवळचं टेबल

आमच्या आणि शेजारच्या बिल्डिंगच्या मधली कंपाउंडची भिंत बांधताना कोणीतरी सिमेंट वाचवलं, त्याचं भलं होवो. भिंत जेमतेम माझ्या खांद्याएवढी. अलीकडून माझी जास्वंद चढलीय, पलीकडून त्यांचं कृष्णकमळ. कोणाची फुलं कोणी तोडायची यावरून बारा वर्षांपूर्वी आमची जुंपली होती, तेव्हापासून जे बोलणं सुरू झालंय ते थांबलेलं नाही.

परवा मंगळवारी सकाळी परडी घेऊन बाहेर आले, तर पलीकडचे भाऊजी आधीच उभे. हातात मोबाइल आणि चेहरा पासबुक हरवल्यासारखा.

"वहिनी, एक विचारायचं होतं. पण हिच्या कानावर जाता कामा नये."

म्हटलं, बोला. तर येत्या रविवारी पलीकडचीचा पन्नासावा वाढदिवस. मुलगा बंगळुरूला. त्याने फोनवर बजावलंय, "बाबा, यंदा पनीर टिक्का आणि दोन तंदुरी रोटी नको. आईला जरा रोमँटिक ठिकाणी ने. अपस्केल."

"अपस्केल म्हणजे?"

"महाग," भाऊजी म्हणाले.

आता आमच्याकडे बोलण्याची एक पद्धत आहे, ती बाहेरच्यांना कळायची नाही. ठाकुर्लीला धिम्या लोकल थांबतात, त्यांचा आवाज कोणी मनावर घेत नाही. पण जलद गाड्या आणि मेल-एक्स्प्रेस आमच्या स्टेशनला ओळखही न दाखवता धडधडत जातात. त्या वेळी बोलणारा माणूस सवयीने पट्टी वर नेतो आणि गाडी गेली की खाली आणतो. भाऊजींची पट्टी चुकली. "हिला कँडल लाइट" इथवर डबे धडधडत होते. "डिनरला न्यायचंय!" हे दोन्ही बिल्डिंगांना स्वच्छ ऐकू आलं. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी पेपर खाली घेतला. पलीकडच्या स्वयंपाकघरात चाललेला पोळपाटाचा आवाज थांबला, आणि जरा वेळाने, जरा जास्तच जोरात, पुन्हा सुरू झाला.

भाऊजींना वाटलं, तिने ऐकलं नाही. पुरुषांना असं वाटतं.

एवढ्यात आमचे हे चहाचा कप घेऊन बाहेर आले. हे विक्रीकर खात्यातून निवृत्त झालेत, पण खातं यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. विषय कळताच भिंतीवर कप ठेवून यांनी सुनावणीच सुरू केली. "यादी दाखवा."

यादी मुलाने पाठवली होती. पहिलंच नाव महालक्ष्मीच्या मास्कचं. लक्ष्मी वूलन मिलच्या आवारात २०१६ साली सुरू झालेलं, आशियातल्या पन्नास उत्तम रेस्टॉरंटांत गणलं जाणारं. तिथे मेनूकार्डातून निवडायचं नसतं. आचारी एकामागून एक दहाएक पदार्थ पाठवतो आणि आपण खात बसायचं.

"एकेक घासाचे," भाऊजी म्हणाले. "फोटो बघितले मी. एवढी मोठी बशी आणि मध्ये चिमूटभर काहीतरी." मग जरा थांबले. "माझे वडील गिरणीत होते, वहिनी. ब्याऐंशीच्या संपात घरी बसले ते बसलेच. आम्ही लालबागची खोली विकून डोंबिवलीला आलो ते त्याच साली. मिलच्या आवारात जाऊन मी दहा बशांचं बिल भरलं तर ते वरून काय म्हणतील?"

"म्हणतील, पोराने नाव काढलं," मी म्हटलं. पण भाऊजींनी ते नाव बोटाने वर सरकवून दिसेनासं केलं.

मग मिशेलिन. मुलाचं म्हणणं, मिशेलिन स्टार असलेलं बघा. यावर आमचे हे खुशीत आले. "अहो, ते टायरवाले! १९०० साली फ्रान्समध्ये मोटारी होत्या मूठभर. लोकांनी लांबलांब फिरावं आणि टायर झिजवावेत, म्हणून या दोघा भावांनी कुठे खावं, कुठे राहावं याचं पुस्तक काढलं. तारे द्यायला लागले १९२६पासून. भारताचं पुस्तक काढलेलंच नाही त्यांनी. स्टार खायचा तर दुबईला जा."

"दुबईला लोकल जात नाही," भाऊजी म्हणाले.

तिसरं, ठाण्याला घोडबंदर रोडवरचं एक रूफटॉप. इथे मात्र मी तोंड घातलं. नाव घेत नाही, पण गच्चीवरच्या अशाच एका ठिकाणी आम्ही आमच्या लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला गेलो होतो. काळोख इतका, की ह्यांनी मोबाइलचा टॉर्च लावून मेनू वाचला. शेजारच्या टेबलांनाही तो प्रकाश पुरला, तिथल्या एका मुलीने थँक्यू अंकल म्हटलं. मेणबत्ती होती, पण बॅटरीवरची, आणि तिची ज्योत घड्याळाच्या सेकंदकाट्यासारखी टिकटिक हलत होती. गाण्यांचा ठोका छातीत बसत होता. हे मला काहीतरी सांगत होते, मी हसून मान हलवत होते. घरी आल्यावर कळलं की विचारत होते, "दाढ अजून दुखतेय का?" तीस वर्षांच्या संसारावर दाढदुखीला मी लाजून होकार दिला!

आणि गच्ची म्हटलं की मला दुसरंही आठवतं. कमला मिलमधल्या आगीची ती २९ डिसेंबर २०१७ची रात्र. चौदा माणसं गेली. तेव्हापासून कुठल्याही गच्चीवर गेले की आधी जिना कुठे आहे ते बघते, मग चंद्र.

"मग ठाण्यालाच मासुंदा तलावाच्या बाजूला बघू? किंवा उपवन?" भाऊजींचा आवाज बारीक झाला होता.

"कल्याणला जा," हे म्हणाले. "खिडकीजवळचं टेबल हवंय ना? खिडकी वडा घ्या." स्वतःच्या विनोदावर ह्यांना चहाचा ठसका लागला. कल्याणच्या त्या घराच्या खिडकीतून वडे विकत घेत आमच्या दोन पिढ्या गेल्या, त्यामुळे अपमान करायचा उद्देश नव्हता. पण भाऊजी मोबाइल खिशात टाकून आत गेले. जाताना पुटपुटले, "तिला तसंही साधंच आवडतं."

हे वाक्य लक्षात ठेवा.

दुपारी मी दोरीवरचे कपडे काढत होते. पलीकडून कृष्णकमळाची पानं बाजूला झाली आणि एक चेहरा आला.

"ताई, काय ठरलं?"

"कशाचं?"

"ताई!"

मी दोन मिनिटं कसोशीने खोटं बोलले. मग तिनेच सांगून टाकलं. सकाळी ऐकू आलंच होतं. त्याआधी, रविवारीच भाऊजींनी न सांगता एकच एक शर्ट इस्त्रीला दिला. सोमवारी विचारलं, तुझी ती जांभळी साडी कुठे असते गं? पंचवीस वर्षांत या माणसाने साडी कुठे असते हे विचारलेलं नाही.

"हे म्हणाले असतील, हिला साधंच आवडतं."

मी कपड्यांना चिमटे लावत राहिले. वास्तविक ते काढायचे होते.

"ताई, मला साधं आवडत नाही. मला परवडणारं आवडत आलंय. दोन्हींत फरक आहे." मग ती भिंतीला रेलली आणि तिने आपली यादी सांगितली. तिचीही होती म्हणजे. पहिलं म्हणजे केक नको. चार वेटर टाळ्या वाजवत येतात, केकवर तो फटाका पेटवतात, सगळं हॉटेल माना वळवून बघतं आणि आपण ओशाळून कापायचं, ते नको. काळोख नको, ताटातलं दिसलं पाहिजे. "आणि मेनूकार्ड ह्यांच्या हातात नको. हे उर्दूसारखं उजवीकडून वाचतात. आधी आकडा, मग पदार्थ. आणि मग मला म्हणतात, तू काय घेणार ते घे. तोवर माझी भूक मेलेली असते."

"मग जायचंय कुठे?"

तिने आवाज इतका खाली आणला, की गाडी जात नसतानाही मला कान पुढे करावा लागला.

"ताजला."

सातवीत असताना शाळेची सहल घारापुरीला गेली होती. गेटवेवर लाँचची वाट बघत सगळ्या मुली दोनदोनच्या रांगेत, डब्यात बटाट्याची भाजी आणि पुऱ्या. बाईंनी वळून दाखवलं, हे ताजमहाल हॉटेल. १९०३ सालचं. गेटवे त्याच्यानंतर आला, १९२४ला. म्हणजे आधी हॉटेल, मग दार. आत जायचं नाही हं कोणी. "आत जायचं नाही हे त्यांनी का सांगितलं असेल ताई? आम्ही छप्पन्न मुली होतो आणि सगळ्यांचे डबे होते." मग लग्न झाल्यावर पहिल्या महिन्यात दोघं गेली, त्याच जागी उभं राहून फोटोवाल्याकडून फोटो काढला. मागे ताज. मुलगा झाल्यावर त्याला कडेवर घेऊन तोच फोटो. सासू-सासऱ्यांना दाखवायला नेलं तेव्हा पुन्हा तोच. "आमच्या अल्बममध्ये ताजचे इतके फोटो आहेत, की माझ्या माहेरचे नाहीत."

आणि २००८चा हल्ला. तीन दिवस टीव्हीसमोर बसून त्याच खिडक्यांतून निघणारा धूर बघितला. "मी रडत होते. हे म्हणाले, आपलं कोणी नाहीये गं तिथे. नव्हतंच. मी आत कधी गेलेसुद्धा नव्हते, तरी मला वाटत होतं, आपलं काहीतरी जळतंय." १५ ऑगस्ट २०१०ला ती जुनी इमारत दुरुस्त होऊन पुन्हा उघडली, ती तारीख हिला पाठ.

"मला आतल्या खिडकीतून बाहेर बघायचंय. तो फोटोवाला, त्या रांगा, कडेवरची पोरं. आतून ते कसं दिसतं ते बघायचंय. एवढंच. पण त्यांना सांगू नका मी सांगितलं म्हणून. त्यांच्याच डोक्यातून आलं पाहिजे."

म्हणजे आता दोन्हीकडची गुपितं माझ्या पोटात, आणि मध्ये खांद्याएवढी भिंत.

बुधवारी सकाळी मी परडी घेऊन मुद्दाम लवकर गेले. भाऊजींनी तोवर डोंबिवलीतच एका एसी फॅमिली सेक्शनचं नक्की करत आणलं होतं. एसी फॅमिली सेक्शनला मी नावं ठेवणार नाही. आमचं लग्न ठरल्यावर हे आणि मी दादरला एका उडप्याच्या फॅमिली रूममध्ये बसलो होतो. लाकडी पार्टिशन, वर पंखा, पडद्याला सांबाराचा वास, आणि बाहेर दीड रुपयाचा डोसा आत पावणेदोनला. त्या चार आण्यांत जेवढा एकांत मिळाला तेवढा पुढे कुठल्याच बिलात मिळाला नाही. पण तो आमचा होता. तिला तो नकोय.

"भाऊजी," मी फुलं तोडता तोडता म्हटलं, "ते सूर्यास्ताचं वगैरे बघायचंय का तिला?"

"मुलगा म्हणत होता, सी व्ह्यू बघा. रात्री आठचं टेबल घ्या."

"रात्री आठला समुद्र दिसतो का? काचेत आपलंच तोंड दिसतं." हे मी अनुभवाने सांगते. समुद्राच्या किंवा तळ्याच्या काठचं टेबल हवं तर उजेडी जावं. रात्री त्या काचेचा आणि आपल्या कपाटाच्या आरशाचा उपयोग एकच. "आणि रात्री आठला बसलात तर उठणार दहाला. मग सीएसएमटी गाठा, पुढे पन्नास किलोमीटर धिम्या गाडीने. निम्मं जेवण घड्याळात बघण्यात जाणार. दुपारी जा ना. चार-साडेचारला. चहाला."

"वाढदिवसाला चहा?"

"ताजमध्ये पहिल्या मजल्यावर सी लाउंज आहे," मी अगदी सहज म्हटलं, जणू माझी तिथे उठबस आहे. "समोर गेटवे. लोक स्थळं बघायला जायचे तिथे, मोठ्या घरचे. चहा, सँडविच, केक, शिवाय भेळसुद्धा देतात म्हणे."

भाऊजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपल्याला आत सोडतील?"

हसू नका. पन्नाशीचा, एमआयडीसीतल्या कंपनीत डिस्पॅचचं सगळं खातं सांभाळणारा माणूस. त्याने हे विचारलं, तेव्हा मला त्या बाई आठवल्या. एका बाईने छप्पन्न मुलींना एक वाक्य सांगितलं होतं. त्याच्या आयुष्यातही कोणीतरी सांगितलं असणार.

"सोडतील की. बूट घाला फक्त. त्या रेक्झिनच्या चपला नकोत."

इथे आमचे हे कप घेऊन हजर. "ताज? अठरा टक्के लागणार. नुसतं रेस्टॉरंट असेल तर जीएसटी पाच टक्के. पण ज्या हॉटेलात खोलीचं भाडं साडेसात हजारांच्या वर, तिथल्या खाण्यावर अठरा. आणि सर्व्हिस चार्ज लावला तर सरळ काढायला सांगायचं. ४ जुलै २०२२ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलंय, बिलात आपोआप लावता येत नाही. दिल्ली हायकोर्टाने २८ मार्च २०२५ला ते उचलून धरलं. तारखा लिहून देऊ का?"

"नको," मी आणि भाऊजी एकदम म्हणालो.

"बायकोच्या पन्नासाव्याला वेटरशी हायकोर्टावरून भांडायचं नसतं," मी ह्यांना म्हटलं. हे म्हणाले, तत्त्वाचा प्रश्न आहे. मी म्हटलं, तत्त्व सोमवारपासून.

पण खरी मेख पुढेच होती. भाऊजी रविवारचं टेबल सांगायला फोन उचलणार, तर मला आठवलं. "भाऊजी, कालनिर्णय बघितलंत?"

नव्हतं बघितलं. आत जाऊन बघून आले तेव्हा चेहरा पडला होता. रविवारी संकष्टी. चंद्रोदय रात्री पावणेदहाला. पलीकडची कडक उपास करते, चंद्र दिसल्याशिवाय पाण्याखेरीज काही नाही. ताजमध्ये नेऊन तिला काय समोरच्या गेटवेला नैवेद्य दाखवायला लावणार? वर ह्यांनी पेपर उघडून दाखवला: रविवारी मेगाब्लॉक, ठाणे-कल्याण धिम्या मार्गावर. म्हणजे धिम्या गाड्या जलद मार्गावरून पळवणार, आणि खाली ते नेहमीचं वाक्य, कोपर आणि ठाकुर्ली स्थानकांवर गाड्या थांबणार नाहीत. आमचं नाव पेपरात येतं ते असंच.

"शनिवारी जा," मी म्हटलं. "आदल्या दिवशी. शनिवारी तिचा संशयही कमी असेल." हे शेवटचं बोलताना मी जास्वंदीत तोंड घातलं होतं.

फोन त्यांनी भिंतीपाशीच उभं राहून लावला. आधी दोनदा पुटपुटून पाहिलं, "टेबल फॉर टू, नियर विंडो." मग बोलले, इंग्रजीत, ताठ उभं राहून, जणू समोरचा बघतोय. पलीकडून कोणीतरी स्वच्छ मराठीत विचारलं असावं, कारण भाऊजी एकदम सैल पडले आणि म्हणाले, "हो हो, दोघंच. बायकोचा वाढदिवस आहे. नाही, केक नको." मी थक्क! केक नको, हे मी सांगितलं नव्हतं. मोबाइल खिशात टाकत म्हणाले, "तिला ते टाळ्या वाजवणं आवडत नाही. लाजते."

म्हणजे माणसाला अगदीच काही कळत नाही असं नाही.

शनिवारी अडीचला दोघं निघाली. ती जांभळ्या साडीत, नथ नाही पण मोत्यांच्या कुड्या. हे सगळं तिला काही ठाऊक नाही, अशा चेहऱ्याने. भाऊजी नव्या बुटांत, टाच लागत असावी, कारण गेटपर्यंतच दोनदा थांबले. ती मागे वळून मला म्हणाली, "हे कुठेतरी घेऊन चाललेत बाई, सांगतच नाहीत!" आणि डोळा मारला. मी आयुष्यात प्रथमच तिला डोळा मारताना पाहिलं.

रात्री नऊच्या सुमारास त्यांच्या खिडकीत दिवा लागला. मी म्हटलं, आत्ता जाणं बरं दिसत नाही. हे म्हणाले, तुला झोप लागणार आहे का? नाही लागली.

रविवारी सकाळी ती परडी न घेताच भिंतीशी आली. उपास, तरी चेहरा तुकतुकीत.

"मिळाली का खिडकी?"

"मिळाली ना. पण ह्यांनी काय करावं? वेटरने खुर्ची ओढली, तर हे आधी बसले. खिडकीकडे तोंड करून. माझ्या पाठीला गेटवे."

"अगं मग सांगायचं!"

"सांगणार होते. पण त्यांचं तोंड बघितलं ताई. चहा निवत होता आणि हे नुसते बाहेर बघत होते. मग म्हणाले, 'अगं तो बघ, तोच फोटोवाला असेल का गं आपला?' तेव्हा उठले मी, खुर्ची उचलली आणि ह्यांच्या शेजारी जाऊन बसले. दोघं एका बाजूला, लोकलच्या सीटवर बसल्यासारखी. वेटर आला, त्याने काही न बोलता माझा कप या बाजूला आणून ठेवला." ती जरा थांबली. "खाली एक बाई होती, लाल साडीतली, लहान पोर कडेवर. फोटोवाला तिला सारखा मागे सरकायला सांगत होता. मागे, आणखी मागे. मी वरून म्हणत होते, अगं पुरे, आता आलीस की भिंतीपर्यंत."

मी काहीतरी म्हणणार होते. तेवढ्यात जलद गाडी आली आणि आम्ही दोघी ती जाईपर्यंत गप्प उभ्या राहिलो. आवाज विरला, तसा आमच्या गॅलरीतून ह्यांचा आवाज आला.

"विचार गं तिला, सर्व्हिस चार्ज लावला होता का?"